दारावरचा राक्षस

यवतमाळच्या कुठल्याही नव्या वस्तीत अर्धवट बांधलेल्या घरावर सुळेवाला, जीभ काढलेला राक्षसाचा मुखवटा टांगलेला दिसतो. नजर लागू नये म्हणून.

भीतीला भीतीनेच अडवायची ही रीत फार जुनी. आजच्या इराकमधल्या सिप्पर शहरात, इसवी सनापूर्वी १८०० ते १६०० च्या दरम्यान, कुणीतरी तळहाताएवढा मातीचा चेहरा घडवून भाजला. चेहरा हुंबाबाचा, म्हणजे पुराणकथेतला वीर गिल्गमेश याने मारलेल्या देवदार वनाच्या राखणदाराचा. गाल, कपाळ, तोंड, सगळं आतड्याच्या एकाच सलग वेटोळ्यातून उमटलेलं! पाठीमागे कीलाक्षरांत शकुन लिहिलाय, कारण तिथले शकुन पाहणारे बळीच्या जनावराची आतडी पाहून भविष्य सांगत. हा चेहरा आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उत्तर इराकमधल्या टेल अल रिमाहच्या मंदिरात तर हुंबाबा दगडातच कोरलेला सापडला.

आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांच्या उंबरठ्यावर नीट पाहा. वटारलेल्या डोळ्यांचं ते तोंड कीर्तिमुखाचं. शिवाने राहूला खाण्यासाठी एक राक्षस निर्माण केला, राहू शरण आला, आणि भुकेल्या राक्षसाने शिवाच्या आज्ञेवरून स्वतःलाच खाल्लं. उरलं फक्त तोंड.

एकाने दुसऱ्याची नक्कल केली, असं मी म्हणणार नाही. मला त्यांच्यातला फरकच अधिक भावतो. हुंबाबाचं मुंडकं छाटलं गेलं. कीर्तिमुखाला मात्र शिवाने आपल्या दारी मानाची जागा दिली आणि भक्तांनी आधी त्याला पुजावं, असं सांगितलं.