बातमीच्या मागे उभा असलेला माणूस
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘इंटरनेटने काय बदललं’ यावर बोलायला सांगितलं. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणजे मोबाइल, बँका, ऑनलाइन खरेदी यांवर बोलेन असं त्यांना वाटलं असणार. पण मी पत्रकारांबद्दल बोलणार आहे. आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत ज्या व्यवसायाचा पाया हलला, तो हा. आपल्याच वर्गातला एक जण त्या व्यवसायात आहे आणि आज समोर बसलाय. त्याची परवानगी घेतली आहे. नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा आपण दहावीत होतो. सांगलीत आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. घरी पेपर यायचा, तो आधी वडील वाचायचे, मग आपल्या हाती लागायचा. त्यासाठी जे पैसे आपण द्यायचो, त्यात कागद-शाईचा खर्चसुद्धा निघत नसे. मग बातमीदाराचा पगार कुठून निघायचा? जाहिरातींतून. वधू पाहिजे, वर पाहिजे, क्लार्क पाहिजे, घर विकणे आहे, निविदा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली. नगरपालिकेच्या सभेत दुपारभर बसणाऱ्या माणसाचा पगार एका अर्थी मुलीसाठी स्थळ शोधणारे वडील देत होते. त्यांना ते माहीत नव्हतं आणि त्या बातमीदारालाही त्याचा विचार करावा लागत नव्हता.

इंटरनेटने या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या. नोकऱ्या नोकरी डॉट कॉमवर गेल्या, स्थळं शादी डॉट कॉमवर, जुनी स्कूटर ओएलएक्सवर. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय उत्तमच होती. पण त्या पैशांवर बातमी चालत होती, याचा हिशोब कुणी केला नव्हता.

उरल्या मोठ्या जाहिराती. त्यांचं काय झालं, हे माझ्या क्षेत्रातलं आहे म्हणून थोडं समजावून सांगते. पूर्वी सांगलीतल्या सराफाला सांगलीकरांपर्यंत पोचायचं तर इथल्या पेपरात जागा घ्यावी लागायची. आता तो गूगल किंवा फेसबुकला सांगतो, ‘४१६४१६ पिनकोडच्या आसपासच्या, लग्नाची खरेदी शोधणाऱ्या लोकांना दाखवा.’ तुम्ही एखादं पान उघडता तेव्हा ते समोर येईपर्यंत, सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात, तुमच्यासाठी लिलाव होऊन गेलेला असतो. लिलाव बातमीचा नसतो, तुमचा असतो. तुम्ही पुराची बातमी वाचत असा किंवा मांजरीचा व्हिडिओ बघत असा, सराफाला फरक पडत नाही. मांजरीच्या व्हिडिओला पगारी माणूस लागत नाही, बातमीला लागतो.

अमेरिकेत हे आपल्या आधी घडलं. डेन्व्हरचं ‘रॉकी माउंटन न्यूज’ हे दैनिक २७ फेब्रुवारी २००९ ला बंद पडलं. दीडशे वर्षं पूर्ण व्हायला दोन महिनेही उरले नव्हते. प्यू रिसर्च सेंटरच्या आकडेवारीनुसार तिथल्या वर्तमानपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८ साली सुमारे ७१ हजार माणसं होती, २०२० साली सुमारे ३१ हजार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ पासून इंटरनेटवर वाचण्यासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली. आज त्यांचे एक कोटीहून जास्त वर्गणीदार आहेत. पण जगभर वाचक असलेल्या पेपरला जे जमलं, ते एका जिल्ह्याच्या पेपरला जमणं अवघड आहे.

आपल्याकडे छापील पेपर बरीच वर्षं वाढत राहिले, त्यामुळे धक्का उशिरा बसला. डिसेंबर २०२० मध्ये टाइम्स समूहाने ‘पुणे मिरर’ बंद करण्याचा आणि ‘मुंबई मिरर’ दैनिकाचं साप्ताहिक करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच्या कितीतरी आधीपासून पत्रकारांच्या नोकऱ्या कायम न राहता कंत्राटी होत चालल्या होत्या. मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने २०११ मध्ये लागू केल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या. तरी त्या पगारासाठी अनेकांना कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

आणि तालुक्याचा वार्ताहर तर या हिशोबात कुठेच नसतो. आपल्या मित्राला मिळणारं मानधन मोटारसायकलच्या पेट्रोललाही पुरत नाही. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनची. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची, त्याच्याकडे सकाळी जाहिरात मागायची आणि दुपारी त्याच्याच संस्थेच्या कारभाराची बातमी लिहायची. मी त्याला विचारलं, ‘कसं जमतं रे?’ तो म्हणाला, ‘कधी जमतं, कधी नाही जमत.’ आता बातमी, फोटो, व्हिडिओ, फेसबुक लाइव्ह सगळं त्यानेच करायचं. मानधन तेवढंच.

तरी हा माणूस का लागतो? ऑगस्ट २०१९ आठवा. आपल्यापैकी बरेच जण पुण्यात, बेंगळुरूत, परदेशात होते आणि आईवडील सांगलीत. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलेलं. व्हॉट्सॲपवर दर दहा मिनिटांनी धरणाच्या विसर्गाचा नवा आकडा यायचा, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. त्या आठवड्यात मी विश्वास ठेवला तो पुलाजवळ जाऊन पाणी बघून आलेल्या बातमीदारांवर. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तेव्हा बोट कुणाची होती, तिच्यात किती जण होते, सरकारी बोटी का पोचल्या नव्हत्या, हे प्रश्न कुणीतरी तिथे जाऊनच विचारायचे होते. पाण्याची पातळी उद्या यंत्र कळवेल. मदत कुठल्या गल्लीत पोचली नाही, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. आज कृत्रिम बुद्धिमत्ता बातमी सफाईने लिहून देते. पण तिच्यासाठीही आधी कुणीतरी चिखलातून जाऊन आलेलं असावं लागतं.

इंटरनेटने पत्रकारांचं नुसतं नुकसानच केलं, असं मात्र मी म्हणणार नाही. छापखाना नसतानाही आज काम उभं राहतं. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली ‘पारी’ ग्रामीण भारताच्या बातम्या मराठीसह अनेक भाषांत देते, आणि तिचा मोठा आधार देणग्यांचा आहे. म्हणजे वाचकाने पैसे दिले तर काम होतं.

म्हणून आपल्या माजी विद्यार्थी संघापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, शाळेच्या वाचनालयात सांगलीतून निघणाऱ्या दैनिकांची वर्गणी संघाने कायमची भरावी. दुसरी, आपण प्रत्येकाने निदान एका बातमीपत्राला, छापील असो वा ऑनलाइन, स्वतःच्या खिशातून पैसे द्यावेत. या स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करताना समितीतल्या मित्रांनी किती उंबरे झिजवले, ते त्यांना विचारा. आपल्या वर्गमित्राला ते दर महिन्याला करावं लागतं, आणि वर बातमीही लिहावी लागते.

सर, बाई, तुम्ही आम्हाला वर्गात रोज मोठ्याने पेपर वाचायला लावलात, त्याबद्दल आभार.