शिष्यत्व आणि त्याचे मोल

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त मुख्याध्यापिकांनी सरगूर येथे दिलेले व्याख्यान)



साठ वर्षे पूर्ण झालेल्या शाळेच्या व्यासपीठावरून गौरवाची भाषा करणे स्वाभाविक आहे आणि ती आज पुष्कळ झालीही. मी मात्र एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘शिष्य’. ‘शास्’ या धातूपासून तो आला. ज्याला शिकवावे, ज्याला वळण लावावे तो शिष्य. ख्रिस्ताच्या अनुयायांसाठी नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत जो शब्द वापरला आहे, त्याचाही अर्थ ‘शिकणारा’ असाच होतो. आपल्या वर्गात बसणारे मूल आणि येशूमागे निघालेला गालील सरोवरावरचा कोळी या दोघांना एकाच अर्थाचा शब्द लावला जातो, ही गोष्ट मला शिक्षिका म्हणून विचार करण्याजोगी वाटते.

आपल्या सभेत अनेक धर्मांचे लोक आहेत. कोणाच्या श्रद्धेची भलामण करावी किंवा कोणाची श्रद्धा ढळवावी, हा माझा हेतू नाही. परंतु शिष्यत्वाला मोल द्यावे लागते, ही गोष्ट ख्रिस्ताने जितकी उघडपणे सांगितली तितकी क्वचितच कोणी सांगितली असेल. लूककृत शुभवर्तमानात त्याने एक साधा दाखला दिला आहे. बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशोब करतो; कारण पाया घालून काम अर्धवट राहिले तर पाहणारे हसतात. माझ्यामागे येण्यापूर्वी असाच हिशोब करा, असे त्याचे सांगणे होते. अनुयायी जमवू पाहणारा पुढारी सहसा लाभ आधी सांगतो. येथे खर्च आधी सांगितला आहे.

हा हिशोब मराठी माणसांनी कसा मांडला, हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे काही काळ म्हैसूरच्या राजाश्रयालाही होते. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला, तरी ते मागे हटले नाहीत. पुढे त्या मातेने आपल्या मुलीला शिकवले. कपिलेच्या काठी, कन्नड मुलखात मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्याला या कुटुंबाची ओळख परकी वाटू नये.

ज्ञानाचे मोल रमाबाईंना फार लवकर कळले. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर जगणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. १८७४ मध्ये अन्नान्न करीत आधी वडील गेले, मग आई. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी देश हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ गेला, आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन १८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. तेव्हा सुधारकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना त्याच वर्षीची.

पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्राच्या प्रेमाचा मोठा भाग त्या एका दिवसाने ओसरला. त्यांची बाजू घेणाऱ्या थोड्यांमध्ये महात्मा जोतीराव फुले होते. परंतु मोल एकाच बाजूला द्यावे लागले असे समजू नये. ज्यांच्या आश्रयाने बाप्तिस्मा झाला, त्या वाँटेजच्या भगिनींशीही रमाबाईंचा दीर्घ वाद झाला. पटल्यावाचून कोणतेही मत मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, आपली संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. आहारही त्यांनी शाकाहारीच ठेवला. गुरूंना हा अहंकार वाटला. मला त्यात उत्तम विद्यार्थिनी दिसते. प्रश्न विचारणे थांबवले की शिष्य उरत नाही, नुसता आश्रित उरतो.

आता मी अशा प्रसंगाकडे येते, जो शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंनी विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केले. त्या पहिल्या काळातील गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. अमेरिकेतील मित्रांचे अर्थसाहाय्य होते आणि सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, हे वचन होते. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे लोक होते. पुढे सदन पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचीत, प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे आणि इच्छा झालेली मुलगी आत येऊन बसे. यातून वादळ उठले. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

वचन मोडले का? रमाबाईंचे म्हणणे होते की त्यांनी कोणाला बोलावले नाही आणि स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करण्याचे वचनही कधी दिले नव्हते. शब्दशः पाहिले तर ते खरे आहे. परंतु पालकांची भीतीही निराधार नव्हती. निराधार मुलगी जिच्या छायेत राहते, जिच्याकडून तिला पहिल्यांदा माया मिळते, तिचे वागणे हाच तिचा सर्वांत मोठा पाठ असतो. त्या पाठाला वेळापत्रकात तास लागत नाही. प्रत्येक शिक्षक हे जाणतो.

मी या प्रसंगावर पुष्कळ विचार केला आहे आणि माझे मत असे झाले आहे. शिक्षकाने आपली श्रद्धा लपवून ठेवावी, ही मागणी अन्यायाची आहे. लपवलेली श्रद्धा मुलांना खोटेपणा शिकवते. मात्र पालकांना दिलेला शब्द केवळ अक्षराने पाळून भागत नाही. आपल्या दारातून आत काय दिसेल, हे पालकांना मूल सोपवण्यापूर्वी कळले पाहिजे. बुरुजाचा हिशोब बांधणाऱ्याने करावा, तसाच तो ज्यांच्या मुली त्या बुरुजात राहणार त्यांच्यापुढेही ठेवावा. रमाबाईंचा मोठेपणा मला पुढच्या वर्तनात दिसतो. मुली गेल्या, मित्र गेले, तरी त्यांनी दार लावून घेतले नाही आणि कामही थांबवले नाही. नुकसान सोसले आणि पुढे गेल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. उपासमारीने आईबाप गमावलेल्या बाईला त्या मुलींची भूक कोणी समजावून सांगावी लागली नसेल. पुण्याजवळच्या केडगाव येथे मुक्ति सदन उभे राहिले. तेथे शेती होती, विणकाम होते, स्त्रियाच चालवीत असा छापखाना होता. पुढे मनोरमाबाईंच्या हातून गुलबर्गा येथेही शाळा सुरू झाली. आणि उतारवयात रमाबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

पण हे मोल नेहमी ज्याचे त्यानेच दिले असे होत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा होता. संसार मोडला तो लक्ष्मीबाईंचा. त्यांना कोणी विचारले नव्हते. लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी विरहाची वर्षे काढली. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सारे त्यांनी रडगाणे न गाता, हसत हसवत लिहिले आहे, म्हणून ते अधिक टोचते. नवऱ्याची श्रद्धा त्यांनी उसनी घेतली नाही. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपल्या आचारविचाराने राहिल्या. जातिभेद माणसाने केला की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला, आणि मग १९०० साली स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनाही पुढे द्यायचे राहिलेच होते. ख्रिस्ताची भक्ती अभंग-कीर्तनाच्या देशी वेषात आणू पाहणाऱ्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली. १९१९ मध्ये ते वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनी.

जर्मनीतील धर्मोपदेशक डीट्रिश बोनहोफर यांनी १९३७ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला. काही न मागणारी, जीवन न बदलणारी कृपा ही स्वस्त कृपा होय, असा त्यांचा विचार होता. हिटलरच्या राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिले. असा अंत फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बहुतेकांना मोल हप्त्याहप्त्याने द्यावे लागते. ते तुटलेल्या नात्यांत, रिकाम्या झालेल्या वर्गात किंवा म्हातारपणी नव्याने गिरवलेल्या अक्षरांत द्यावे लागते.

पालकहो, आता थोडे आपल्याविषयी. दर जून महिन्यात आपण मुले आमच्या स्वाधीन करता. मुलाने स्वतः विचार करावा, अशी अपेक्षा आपण व्यक्त करता आणि आम्हीही तसे वचन देतो. त्या वचनातही एक खर्च दडलेला आहे. स्वतः विचार करणारे मूल एखाद्या दिवशी आपल्याला न रुचणाऱ्या निष्कर्षावर येऊ शकते. श्रद्धा, व्यवसाय, विवाह, राहण्याचा देश, यांपैकी कशातही त्याची वाट आपल्या वाटेपासून फुटू शकते. त्या दिवशी सदनातून मुली काढून नेणाऱ्या पालकांचा राग आपल्याला समजेल. परंतु अनंतशास्त्रींचेही स्मरण व्हावे. त्यांनी मुलीला शिकवले तेव्हा ती कोठे जाईल हे त्यांना ठाऊक नव्हते. ती गेली ती त्यांच्या धर्माच्या पलीकडे. तरीही तिच्या हातातील विद्या त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने दिलेली होती.

माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. तुम्ही जी वाट धराल तिचा हिशोब आधी करा, आणि त्या हिशोबात घरच्यांच्या वाट्याला काय येईल तेही मांडा. लक्ष्मीबाईंना जे विचारले गेले नाही, ते तुमच्या माणसांना विचारा. उत्तर कदाचित तुमच्या मनासारखे येणार नाही, तरी विचारा. आणि पालकांनो, मुलाने विचारले तर रागावण्यापूर्वी त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐका. विचारण्याइतका विश्वास त्याला आपल्याविषयी वाटला, हे या शाळेच्या साठ वर्षांच्या श्रमांचे फळ आहे, असे मी समजेन.