गाणं कुणाचं? : एलिझाबेथ कॉटन



१९५७ साली इंग्लंडमध्ये ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं घरोघरी पोचलं. चास मॅकडेविटच्या वाद्यवृंदाबरोबर नॅन्सी व्हिस्कीनं ते गायलं होतं. कर्ते म्हणून कागदोपत्री नावं लागली ती मात्र भलत्याच दोघांची. ज्या बाईनं लहानपणी ते रचलं, त्या तेव्हा अमेरिकेत, वॉशिंग्टन परिसरातल्या एका घरी स्वयंपाकपाणी आणि इस्त्री करत होत्या. त्यांचं नाव एलिझाबेथ कॉटन.

त्यांचा जन्म १८९३ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलजवळचा. कृष्णवर्णीय कुटुंब, घराजवळून जाणारी रेल्वे. भाऊ कामाला गेला की ही पोर त्याचा बँजो चोरून वाजवायची. पुढे शाळा सोडून ती लोकांच्या घरी कामाला लागली आणि पैसे साठवून पावणेचार डॉलरची गिटार घेतली. शिकवायला कुणी नव्हतं आणि मुलगी होती डावखुरी. डावखुरा तबलजी तबला-डग्ग्याची जागा बदलून बसतो. हिनं तारा बदलल्याच नाहीत, गिटारच उलटी धरली. त्यामुळे खर्जाच्या तारा खाली आल्या आणि बारीक तारा वर. बोटांनी छेडणारे बहुतेक वादक अंगठ्यानं खर्ज धरतात आणि बोटांनी चाल वाजवतात. हिचा अंगठा चाल वाजवायचा आणि बोटं खर्ज सांभाळायची. खर्जाचा तो अखंड, डुलता ठेका आणि वरून मोकळी चाललेली चाल ऐकली, की एकच माणूस वाजवतंय यावर विश्वास बसत नाही. आज जगभरचे गिटारवादक या शैलीला ‘कॉटन पिकिंग’ म्हणतात आणि ती शिकताना भल्याभल्यांचे हात अडखळतात. ‘फ्रेट ट्रेन’ तिनं रचलं तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती.

मग लग्न, मुलगी, संसार. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं की असलं ऐहिक वादन सोड. गिटार बाजूला पडली, ती कित्येक दशकं.

पुढचा प्रसंग कथेतला वाटावा असा आहे, पण खरा आहे. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात त्या नोकरी करत असताना एक चुकलेली मुलगी त्यांना सापडली. त्यांनी तिला आईकडे पोचवलं. ती मुलगी पेगी सीगर, आणि आई रूथ क्रॉफर्ड सीगर, संगीतरचनाकार आणि लोकगीतांच्या जाणत्या अभ्यासक. त्यांनी कॉटनबाईंना घरकामासाठी बोलावलं. त्या घरात भिंतीवर गिटार टांगलेली असे. काही वर्षांनी कॉटनबाईंनी ती हातात घेतली आणि बोटांनी सगळं परत काढून दाखवलं.

इथे पुष्कळ लेखक म्हणतात, सीगर कुटुंबानं त्यांचा ‘शोध लावला’. मला हे पटत नाही. सीगर कुटुंबाचं ऋण मोठंच आहे. पेगीच्या भावानं, माईक सीगरनं, कॉटनबाईंच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण केलं, त्यातून १९५८ साली फोकवेज कंपनीची तबकडी निघाली. १९६० साली त्याच्याबरोबरच कॉटनबाई पहिल्यांदा रंगमंचावर बसल्या, साठी उलटून गेल्यावर. गाण्यावर त्यांचं नाव लागावं म्हणूनही हे कुटुंब झटलं. पण शोध कशाचा लावायचा? गाणं होतं, शैली होती, आणि दोन्ही एका मुलीनं कुणाच्याही मदतीशिवाय घडवली होती. पेगीनं ते गाणं इंग्लंडमध्ये नेलं. तिथे ते ‘लोकगीत’ म्हणून कानावर पडलं आणि बेवारशी मालासारखं उचललं गेलं. कामवालीचं गाणं बेवारशी ठरायला फार वेळ लागत नाही, याचा मला आजही राग येतो.

कार्यक्रम सुरू झाल्यावरही कित्येक वर्षं त्यांनी घरकाम सोडलं नव्हतं. तरी त्या नवी गाणी रचत राहिल्या. १९६७ च्या ‘शेक शुगरी’ या तबकडीचं शीर्षकगीत त्यांनी पणतीकडून, ब्रेंडा एव्हान्सकडून गाऊन घेतलं, ती तेव्हा बारा वर्षांची होती. १९८४ साली राष्ट्रीय वारसा पाठ्यवृत्ती मिळाली. पाठोपाठ ग्रॅमी आलं, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. २९ जून १९८७ रोजी सिरॅक्यूज इथे त्यांचं निधन झालं.

मंडळी, १९५८ ची ती तबकडी मिळवून ऐका. आणि यापुढे कुठल्याही मैफलीत निवेदकानं ‘फ्रेट ट्रेन’ला ‘पारंपरिक’ म्हटलं, तर त्याला तिथल्या तिथे एलिझाबेथ कॉटन हे नाव सांगा.