ध्वनिमुद्रकाचा व्यवसाय



ज्या कामगाराचे नाव पडद्यावर येते तेव्हा प्रेक्षक उठून चपला शोधू लागलेले असतात, त्याच्याविषयी आज बोलायचे आहे. तो म्हणजे चित्रपट व टेलिव्हिजनचा ध्वनिमुद्रक.

‘सिनेमात जातो’ म्हटले की घरात वडिलांच्या कपाळाला आठी पडते. ती अगदीच अकारण नव्हे. आज काम आहे, पुढचे दोन महिने नाही. पैसे हाती येण्यास विलंब लागतो. हे जाणूनच निर्णय घ्यावा. परंतु हे काम नटाचे नाही, विज्ञानाचे आणि कारागिरीचे आहे. माइक बोलणाऱ्यापासून दुप्पट अंतरावर नेला, तर मोकळ्या जागेत आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. मागाहून आवाज वाढवावा, तर पंख्याची घरघरही तितकीच वाढते! म्हणून योग्य जागी माइक धरणारा हातच मोलाचा.

पुण्यास प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे या शाखेसाठी पदवी तर हवीच, शिवाय बारावीला भौतिकशास्त्र घेतलेले असावे लागते. तेव्हा अकरावीच्या मुलामुलींनो, तो विषय सोडण्यापूर्वी विचार करा. (त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक मात्र स्वतः वाचावे.) ‘स्लमडॉग मिलियनेर’साठी २००९ साली ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी याच संस्थेचे विद्यार्थी, केरळातील एका खेड्यातल्या गरीब घरातून ते आले.

संस्थेत प्रवेश न मिळाल्यास सहायक म्हणून उमेदवारी करता येते. लांब दांडीला लावलेला माइक, म्हणजे बूम, डोक्यावर धरून उभे राहायचे. चौकटीत त्याची सावलीही पडता कामा नये. कोण कधी बोलणार, हे नटाइतकेच पाठ लागते. दृश्य संपल्यावर सर्वांना गप्प करून त्या खोलीची शांतताही अर्धा मिनिट मुद्रित करतात. संकलनात संवादांमधील जोड झाकायला ती लागते.

आपल्या घरांत उर्दू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. ‘ज’ आणि ‘ज़’ मधला फरक आपल्या मुलांना न शिकवता ऐकू येतो. संवाद तपासताना हा कान फार उपयोगी पडतो.

आवड आहे की नुसती हौस, हे घरीच पाहता येईल. आज रात्री मोबाइलवर स्वयंपाकघरातील दोन मिनिटे मुद्रित करा, नंतर हेडफोन लावून ऐका, आणि कानावर आलेला प्रत्येक आवाज कागदावर लिहा.