विधिमंडळ शिकवायचं कुठून?

विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य, हे आकडे मुलं पाठ करतात. पण विधिमंडळ नेमकं करतं काय, ते त्यातून उमगत नाही. त्यापेक्षा एकच कायदा वर्गात उलगडावा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना १९७२च्या दुष्काळात लाखोंना काम देणारी योजना झाली आणि १९७७मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. योजना सरकारी आदेशाने थांबू शकते. कायद्याने काम मागणं हा हक्क ठरला, हा फरक मुलांना नक्की कळतो. वर्गात राजकारण शिरेल, अशी भीती काही पालकांना वाटते. पण दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मुलांनीच मांडले, तर प्रचाराला वाव उरत नाही. मजुरीचा पैसा कुठून आणायचा, हेही ती विचारतील. तिथे याच खर्चासाठी आणलेल्या १९७५च्या व्यवसाय कराची गोष्ट सांगावी.