गायीचा पाठ कुरणात

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या आसपासच्या शाळांत दोन प्रकारची मुले एका बाकावर बसतात. एक कामगारांची, दूरदूरच्या राज्यांतून आलेली. दुसरी जवळच्या पाड्यांवरची. अशा तिसरीच्या वर्गाला मी शिकवते. भिंतीवर पाळीव प्राण्यांचा रंगीत तक्ता असतो. ‘गाय काय देते?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘दूध’ म्हणतो आणि पाठ संपतो. पण ‘गाय बसताना आधी कुठले पाय दुमडते?’ असे विचारा. वर्ग गप्प होतो. मग पाड्यावरचे, एरवी न बोलणारे एखादे पोर हळूच सांगते, ‘पुढचे. आणि उठताना आधी मागचे उचलते.’

हे उत्तर पुस्तकात नाही, म्हणून आपण त्याला ज्ञान मानत नाही. माझे म्हणणे आहे ते एवढ्यापुरतेच.

या प्रश्नाचा विचार आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी झाला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण सकाळी ती गुरे घेऊन रानात जात. ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही,’ असे म्हणून या दोघी थांबल्या नाहीत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. गुरे चरत असतात तिथेच वर्ग भरू लागला. तीच कुरणशाळा. झाडाची सावली, खडे, पाने, बिया हेच तिथले साहित्य.

गुरे वळणे हे मुलांचे काम असावे, असे मी मुळीच म्हणत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर तर सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाची जागा शाळेतच आहे. पण मूल शाळेत आले आणि त्याला येते ते मात्र दाराबाहेर राहिले, तर ते मनाने किती दिवस टिकेल?

म्हणून प्राण्यांचा पाठ मी तक्त्यावरून सुरू करत नाही. आधी विचारते, ‘कोणाच्या घरी काय आहे?’ मग जवळच्या गोठ्यात जातो, मालकाची परवानगी घेऊन. हात लावायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही, परतल्यावर साबणाने हात धुवायचे, हे आधीच ठरलेले. तिथे मुले पाहतात की गायीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नाहीत. ती जिभेने गवत ओढून घेते. पेंढा भराभर गिळून मग निवांत रवंथ करते. शेळी मात्र गवतापेक्षा पाल्याकडे मान उंचावते. म्हैस पाण्यात का डुंबते? तिच्या काळ्या कातडीला ऊन फार लागते आणि घाम फारसा येत नाही, म्हणून. कोंबडी अंड्यांवर बसली की वर्गातल्या दिनदर्शिकेवर खूण करतो. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. मोजणीचा पाठही त्यातच होतो.

भाषाही वाढते. गायीचे वासरू, शेळीचे करडू, म्हशीचे रेडकू किंवा पारडू. उत्तर प्रदेशातून आलेली मुलगी ‘पाडा’ म्हणते, आणि आपला शब्द मराठी शब्दाचा नातलग निघाला म्हणून खूश होते. वाघबारशीला गुराखी वाघाला का पुजतात, हे पाड्यावरची मुले सांगतात, तेव्हा गुरे, रान आणि माणूस यांचे नाते वेगळे शिकवावे लागत नाही. त्या तासाला शिकवणारी ती असतात, मी ऐकणारी.

मुख्य लाभ हाच. ‘आपल्याला काहीच येत नाही’ असे मानून बसलेले मूल एकदा वर्गाला शिकवते, आणि मग वाचनाचे पुस्तकही धीटपणे हातात घेते.

यासाठी अनुदान लागत नाही, संगणकही लागत नाही. शेजारचा एक गोठा, एक तास आणि मुलांना आधी बोलू देण्याची शिक्षकाची तयारी पुरेशी आहे. पालकांनीही रविवारी मुलांना एखाद्या गोठ्याशी न्यावे. पिशवीतल्या दुधामागे एक जनावर आहे, आणि त्याची काळजी वाहणारे एक घर आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसू द्यावे.