किल्ली माझी, ताबा कोणाचा?

आज लिनक्स कर्नल गुपितं कशी सांभाळतो, ते पाहू. 'की' म्हटलं की मराठीत गोंधळ होतो, म्हणून मी 'किल्ली' म्हणेन, आणि 'कीरिंग'ला 'जुडगा'.

एका रात्री आमचा बॅकअप झालाच नाही. स्क्रिप्ट हाताने चालवली तर चालायची. सिस्टमडीची सर्व्हिस म्हणून लावली की 'परवानगी नाकारली'. युजर तोच, किल्ली तीच, अनुक्रमांकही बरोबर. सकाळी चूक कळली. आमच्या नोंदवहीत किल्लीचा मालक लिहिला होता, ताबा कोणाकडे ते लिहिलं नव्हतं.

कर्नलमध्ये ही सोय २००४ मध्ये, २.६.१० आवृत्तीत आली. प्रत्येक किल्लीला अनुक्रमांक, प्रकार, वर्णन, मालक आणि परवानग्या असतात. मुदतही घालता येते. जुडगा हीसुद्धा एक किल्लीच, त्यामुळे जुडग्यात जुडगा अडकवता येतो. प्रोसेससाठी किल्ली शोधताना कर्नल आधी थ्रेडचा, मग प्रोसेसचा, मग सेशनचा जुडगा चाळतो. तिथून पोहोचता येईल ती किल्ली प्रोसेसच्या ताब्यात.

आता खरी मेख. नव्या साध्या किल्लीवर ताबेदाराला सगळे अधिकार मिळतात. मालकाला मात्र फक्त पाहण्याचा: वर्णन दिसतं, आतलं गुपित वाचता येत नाही. घर नावावर असणं वेगळं आणि घराचा ताबा असणं वेगळं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

आमची किल्ली युजरच्या जुडग्यात होती. लॉगिन केल्यावर तो सेशनच्या जुडग्याला जोडलेला होता, म्हणून हाताने काम होत होतं. सिस्टमडी मात्र सिस्टम सर्व्हिसला एरवी स्वतंत्र सेशन-जुडगा देतं आणि युजरचा जुडगा त्याला जोडत नाही. हे मुद्दाम केलंय: एकाच युजरखालच्या सर्व्हिसनी एकमेकींची गुपितं वाचू नयेत.

'कीरिंगमोड' हे सेटिंग 'शेअर्ड' केलं की जोडणी होते. पण मग मधली भिंतही जाते. म्हणून आधी विचार करा, त्या युजरखाली आणखी काय काय चालतं?

आता आम्ही प्रत्येक किल्लीपुढे पाच गोष्टी लिहितो: प्रकार, मालक, कोणत्या जुडग्यात आहे, कोणती सर्व्हिस तिथवर कोणत्या वाटेने पोहोचते, आणि मुदत कधी संपते. चौथा रकाना भरताना सगळ्यांत जास्त वेळ जातो. तो रिकामा सोडू नका. आमची रात्र त्याच रकान्यापायी गेली होती.